एका कार्डाचे वार्षिक शुल्क आणि ओझरचे विमान

प्रश्न असा होता: ज्या क्रेडिट कार्डाचे वार्षिक शुल्क अडीच हजार रुपये, आणि कर मिळवल्यावर दोन हजार नऊशे पन्नास रुपये होते, ते कार्ड दोन निवृत्त माणसांच्या घरात ठेवावे की बंद करावे?

प्रश्न लहान आहे. सातवीच्या पुस्तकात तो आला असता तर मी त्याला दोन गुण ठेवले असते. पण नोकरीभर गणित शिकवलेल्या बाईला या दोन गुणांच्या प्रश्नाने जवळजवळ वर्षभर नाचवले, आणि नाचताना मला जो आनंद झाला तो मी कधी शंभर गुणांच्या प्रश्नपत्रिकेतही अनुभवला नव्हता.

कार्ड घरात आले ते निवृत्तिवेतनाच्या खात्यामागोमाग. बँकेतील तरुण अधिकारी म्हणाली, "मॅडम, पहिलं वर्ष फ्री आहे. आवडलं तर ठेवा, नाहीतर बंद करा." मी फॉर्मवर सही केली आणि घरी येऊन ते कार्ड यजमानांपुढे ठेवले.

यजमानांची सगळी नोकरी नाशिक रोडला प्रेसमध्ये, म्हणजे नोटांच्या छापखान्यात, झाली. त्यांनी कार्ड उजेडासमोर धरले, उलटे केले, अंगठ्याने चाचपले.

"यात जलचिन्ह नाही," ते म्हणाले.

"ते नोटेत असतं. हे कार्ड आहे."

"मग हे पैसे कशावरून?"

"हे पैसे नाहीतच. ही उधारी आहे. महिनाअखेर सगळी फेडायची, म्हणजे व्याज पडत नाही."

"म्हणजे आयुष्यभर मी नोटा छापल्या, आणि माझ्या घरात आता उधारी चालणार. वा, मास्तरीणबाई!"

त्यांचा आक्षेप मी नोंदवून घेतला, परंतु निर्णय आकड्यांवर सोपवला. स्वयंपाकघरात दुधाच्या हिशेबासाठी एक छोटा काळा फळा आहे. दूध डाव्या कोपऱ्यात सरकवून उरलेल्या जागेत मी दोन रकाने आखले: डाव्या बाजूला 'द्यावयाचे', उजव्या बाजूला 'मिळावयाचे'. आमच्यात ठराव झाला की वर्ष संपायच्या आत जर उजवा रकाना डाव्यापेक्षा मोठा झाला नाही, तर कार्ड कात्रीने कापायचे. कात्री यजमान चालवणार होते. त्या कामासाठी त्यांनी शिवणाच्या डब्यातली कात्री धार लावून आणली, हेही इथे सांगितले पाहिजे.

आता नियम. वाचकांपैकी कोणाला असे गणित करायचे असेल तर त्यांनाही ते उपयोगी पडतील. पहिला नियम: जी खरेदी आपण कार्ड नसतानाही केलीच असती, तिच्यावर मिळालेला लाभ तेवढा खरा लाभ. दुसरा नियम: सवलत मिळते म्हणून केलेला खर्च हा खर्चच. तिसरा नियम: एखादी सुविधा फुकट मिळाली तर तिची किंमत पाटीवर लिहिली आहे ती धरायची नाही, आपण खिशातून तिच्यासाठी किती दिले असते, तेवढीच धरायची.

दुसरा नियम लिहून खडू खाली ठेवते तोच यजमान दारातून मिक्सर घेऊन आले.

"कार्डावर दहा टक्के सूट होती! चारशे रुपये वाचवले!"

"आपला मिक्सर चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग चारशे वाचले नाहीत. तीन हजार सहाशे गेले."

त्यांनी फळ्यावरचा दुसरा नियम वाचला. मग नवा मिक्सर कट्ट्यावर ठेवून म्हणाले, "नियम मी यायच्या आधी लिहायचे होते." विद्यार्थी म्हणून ते नेहमीच असे राहिले आहेत. मिक्सर मात्र उत्तम निघाला, आणि तो 'हौस' नावाच्या तिसऱ्या रकान्यात गेला. हा रकाना मला त्या दिवशी आखावा लागला आणि नंतर तो सगळ्यात वेगाने भरत गेला.

कार्डाचा मुख्य लाभ म्हणजे गुण. बँक त्यांना पॉइंट म्हणते. मला गुण म्हणायला आवडते, कारण नोकरीभर मी ते दिले आणि आता पहिल्यांदाच मला मिळत होते. शंभर रुपये खर्चास चार गुण. एका गुणाचे मोल वस्तू घेतल्यास पंचवीस पैसे, पण विमानाचे तिकीट काढल्यास पन्नास पैसे. आमचा किराणा, औषधे, वीजबिल आणि दिवाळी मिळून वर्षाला कार्डावरून साधारण दीड लाख रुपये जातात, म्हणजे सहा हजार गुण. शिवाय कार्ड घेतल्याबद्दल स्वागताचे चार हजार गुण पहिल्याच वर्षी मिळाले. एकूण दहा हजार. विमानाच्या भावाने ते पाच हजार रुपये झाले.

पण विमानात बसणार कोण?

इथे माझ्या थोरल्या बहिणीला आणले पाहिजे. अक्का निफाडजवळ द्राक्षबागेत राहते. ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, उतरणारी आणि तिथून उडणारी विमाने तिच्या बागेवरून जातात. गेली कितीतरी वर्षे ती वेलींच्या मांडवाखालून बाहेर येऊन, डोळ्यांवर हात धरून, प्रत्येक विमानाला हात करते. "आतल्याला काय दिसत असंल गं?" असे मला विचारते. आत मात्र कधी बसली नव्हती. तिचा मुलगा बंगळुरूला नोकरी करतो, त्याला मुलगी झाली होती आणि बारसे ठरले होते. अक्काचे गुडघे आगगाडीतल्या लांब प्रवासाला तयार नव्हते. मुलगा विमानाचे तिकीट पाठवतो म्हणाला, तर अक्का म्हणाली, "त्याच्या घराचे हप्ते चालू हायत. पोराचे हप्ते हवेत उडवून मी नाय उडायची." मी काढते म्हणाले, तर म्हणाली, "तुझी पेन्शन तुझ्यापाशी ठेव. मी रेल्वेनं पडून-झोपून जाईन." आणि स्वतःचे पैसे विमानावर घालणे तर तिच्या मते वेडाचाराच्याही पलीकडचे.

म्हणजे अक्काच्या बाबतीत सगळे रस्ते बंद होते. एकच शब्द तिला चालणार होता, 'फुकट', आणि तो माझ्या फळ्यावर लिहिलेला होता.

मी फोन केला. "अक्का, बँकेनं मला गुण दिले आहेत. त्यात एका माणसाचं ओझर ते बंगळुरू विमान येतं. फुकट."

"कसलं फुकट? कोण देतं फुकट?"

"किराणा भरला, बिलं भरली, त्याचे गुण. ते वापरले नाहीत तर वाया जातात."

वाया जातात हा शब्द शेतकऱ्याच्या घरात फार जड असतो. अक्का म्हणाली, "वाया जातात म्हणती? मग बघू."

तिकीट चार हजार सातशेचे होते. नऊ हजार चारशे गुण गेले. माझे स्वतःचे तिकीट मी पैसे देऊन काढले. ते कोणत्या रकान्यात घातले, हे सांगायला नको. परतीची रेल्वेची आरक्षणे आम्हा दोघींची आधीच करून ठेवली, कारण गुण संपले होते आणि अक्काने बजावले होते: "जाताना फुकट म्हणून विमान. येताना रेल्वे."

विमानाने ओझरच्या धावपट्टीवर वेग घेतला तेव्हा अक्काने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. चाके सुटली आणि तिने डोळे मिटले. मग उघडले, खिडकीला नाक लावले आणि सगळ्या विमानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"अगं ते बघ! ते बघ! आपलं तळं!"

खाली शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा निळा कागद चकाकत होता. त्याच्या शेजारी अक्काने बागेतल्या बायकांना सांगून पिवळी ताडपत्री पसरून ठेवली होती, आणि तिच्यावर त्या सगळ्याजणी उभ्या राहून पदर हलवत होत्या. इतक्या उंचीवरून पदर दिसले नसतील, हे मी भूमितीने सिद्ध करू शकते. पण मला ते दिसले. अक्का दोन्ही हातांनी हात करत होती. मागच्या रांगेतले गृहस्थ वाकून विचारू लागले, "कुठे, कुठे?" आणि अक्का त्यांना म्हणाली, "तो निळा तुकडा! थांबा, गेला. आता उसाचं हाय, दुसऱ्याचं." पलीकडच्या खिडकीतल्या माणसांनी निराशेने आमच्याकडे पाहिले. त्यांच्या बाजूला कोणाचेच तळे नव्हते.

बारसे छान झाले. बाळाने सर्वांचा आवाज झाकून टाकला. अक्काने डिंकाचे लाडू वाटले. परतीच्या आदल्या दिवशी मी बॅग भरत होते, तर अक्का कमरेची पिशवी सोडून माझ्यापुढे बसली. त्या पिशवीच्या आत रुमाल असतो, रुमालाच्या आत कागद, कागदाच्या आत नोटा. तिने त्या सगळ्या माझ्यासमोर ठेवल्या.

"रेल्वे रद्द कर."

"अक्का?"

"परतीचं विमान काढ. माझं माझ्या पैशानं. वरून आपलं तळं मी नीट बघितलं नाय. लय लवकर गेलं."

ज्या बाईला फुकट म्हणून मनवावे लागले होते, ती आता स्वतःच्या पैशाने विमान मागत होती. तिचा मुलगा दारात उभा राहून हसत हसत भिंतीला टेकला. "आई, मी एवढ्या वेळा विचारलं!" तो म्हणाला. अक्का म्हणाली, "तेव्हा मला माहीत होतं का ते कसं असतं?"

आणि आता मी ती चूक सांगते जी फक्त गणिताची शिक्षिका करू शकते.

कार्डाच्या माहितीत लिहिले होते: विमानतळावरील लाउंजमध्ये दर तीन महिन्यांत दोन वेळा मोफत प्रवेश. लाउंज म्हणजे मऊ खुर्च्यांचे दालन, जिथे खाणेपिणे मांडलेले असते. मी वाचले आणि मनात लगेच गुणाकार केला. एक माणूस दोन वेळा, म्हणजेच दोन माणसे एक वेळ. तीन चोक बारा, तसेच चार त्रिक बारा. या गुणधर्माला क्रमनिरपेक्षता म्हणतात, तो मी पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवला आहे, आणि तो कधी चुकलेला नाही.

बंगळुरूच्या विमानतळावर स्वागतकक्षातल्या मुलीला मी कार्ड दिले आणि हिंदीत सांगितले, "दोन प्रवेश आहेत, दोघींचे धरा." ती म्हणाली, "मॅडम, एक गेस्ट." मी म्हटले, "हो, तेच." तिने यंत्रावर कार्ड दोनदा लावले, यंत्र दोनदा खूश होऊन टुणटुणले, आणि आम्ही आत गेलो. क्रमनिरपेक्षता पुन्हा एकदा सिद्ध झाली असे समजून मी अतिशय समाधानी होते.

अक्काने आधी सगळे दालन फिरून पाहिले. मग इडली, मग केशरी शिरा, मग पुन्हा इडली. कॉफीचे यंत्र तिला फार आवडले. ती कप ठेवून मागे सरायची आणि कॉफी पडू लागली की मला बोलावायची, जणू मी आधीच्या दोन वेळा बघितलेच नव्हते.

"हे सगळं फुकट?"

"फुकट."

तिने थाळी ठेवली. चेहऱ्यावर एक काळजी आली. "आपण जेवलो. हातावर काय ठेवायचं नाय? असं कुणाच्या घरून उठतात का?"

"अक्का, हे घर नाही."

"जेवण तर होतं ना?"

निघताना ती स्वागतकक्षापाशी थांबली, पिशवीतून स्वतःच्या बागेतल्या बेदाण्यांची पुडी काढली आणि त्या मुलीच्या हातात ठेवली. "घरचे हायत. दुकानचे नाय." मुलीला मराठी येत नव्हते. पण पुडी हातात घेऊन तिने ज्या रीतीने आधी अक्काकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, त्यावरून तिला सगळे समजले होते. तिने लगेच एक बेदाणा तोंडात टाकला, डोळे मोठे केले, आणि आतल्या दोघींना हाक मारली. आम्ही दाराबाहेर पडलो तेव्हा तिघी मिळून पुडी फोडत होत्या.

विमानात अक्काने मला खिडकीकडे बसू दिले नाही. उतरताना तळे या वेळी पूर्ण दिसले, असे ती सांगते.

पुढच्या महिन्याचे बिल आले. यजमान ते मोठ्याने वाचत होते, कारण वाचनाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. त्यांना त्यात आता रस वाटू लागला होता. एका ओळीवर ते थांबले.

"पाहुणा प्रवेश, कर धरून एक हजार एकशे ऐंशी. हे काय?"

मी माहितीपत्रक पुन्हा वाचले. दोन वेळा मोफत प्रवेश होता, पण तो कार्डधारकाला. सोबतच्या माणसाला शुल्क. माणूस आणि वेळ यांची अदलाबदल बँकेला मान्य नव्हती. मी माझ्या खुर्चीत बसून एवढी हसले की यजमान पाणी घेऊन आले, आणि मग तेही हसू लागले. "क्रमनिरपेक्षता!" ते म्हणत होते, "इडलीला क्रमनिरपेक्षता!"

पण हसणे ओसरल्यावर आम्ही दोघे फळ्यासमोर गंभीरपणे उभे राहिलो. पहिले वर्ष संपत आले होते. आता प्रश्न दुसऱ्या वर्षाचा होता. दुसऱ्या वर्षी शुल्क दोन हजार नऊशे पन्नास. स्वागताचे गुण नाहीत. फक्त सहा हजार. वस्तू घेतल्या तर दीड हजार रुपये, म्हणजे चौदाशे पन्नासचा तोटा. विमानाने गेलो तर तीन हजार, म्हणजे पन्नास रुपयांचा नफा. शेजारच्या काकांनी सुचवले की तीन लाखांच्या वर खर्च केला तर शुल्क माफ होते, आणि आपल्या नव्या फ्रिजचे पैसे माझ्या कार्डावरून भरायची तयारी दाखवली. पण उधारी माझ्या नावावर आणि फ्रिज त्यांच्या घरात, हे कोणत्याच रकान्यात बसेना.

तर पन्नास रुपये. अट एवढीच की उडायला हवे. आणि दुसरा नियम डोळे वटारून उभा होता: गुण वापरायचे म्हणून काढलेले तिकीट हा खर्चच.

यजमानांनी कात्री बाहेर काढली. त्याच वेळी दाराची घंटा वाजली. अक्का द्राक्षांची पेटी घेऊन आली होती. निफाडहून एसटीने, पेटी मांडीवर घेऊन. तिने कात्री पाहिली, फळा पाहिला, आणि विचारले, "काय कापताय, पाव्हणं?"

"कार्ड," यजमान म्हणाले. आणि मी डोळ्यांनी खुणावत असतानाही ते बोलून गेले, "तुमच्या इडलीचे अकराशे ऐंशी घेतले बँकेनं, अक्का."

मला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले. फुकट हा शब्द मी अक्काला दिला होता. तिने खाली बसून पेटी बाजूला ठेवली.

"म्हंजे मी फुकट नाय खाल्लं?"

"नाही, अक्का. माझी चूक झाली. मी वाचताना गुणाकार केला."

अक्काचा चेहरा उजळत गेला. खरोखर उजळत गेला. "अगं, बरं झालं की! मला त्या दिवसापासून लागून राहिलं होतं. एवढं खाल्लं आणि नुसती बेदाण्याची पुडी दिली. आता सुटले मी." मग तिने कमरेची पिशवी सोडली. "ह्या कार्डाची वर्षाची फी किती म्हणालीस?"

"दोन हजार नऊशे पन्नास."

"अर्धी माझी."

"अक्का, फी कशाला? तुला उडायचं असेल तर..."

"असेल काय? नातीला बघायला मी दरवर्षी जाणार. विमानानंच जाणार. कार्ड असो, नसो. तुझं कार्ड तिकिटात भर घालत असंल तर फी अर्धी माझी, आणि गुण अर्धे माझे. फुकट नको मला. फुकटात जीव घाबरतो."

मी खडू उचलला. ज्या वाक्याची गणिताला गरज होती ते अक्काने बोलून टाकले होते: कार्ड असो, नसो. म्हणजे विमानाचे तिकीट दुसऱ्या नियमातून निघून पहिल्या नियमात आले. ते कार्डासाठी काढलेले नव्हते. ते काढलेच जाणार होते. मी फळ्यावर लिहिले. शुल्क प्रत्येकी चौदाशे पंचाहत्तर. गुणांचे मोल प्रत्येकी दीड हजार; गुण सगळे अक्काच्या तिकिटात, माझ्या अर्ध्यांचे पैसे ती मला देणार. नफा प्रत्येकी पंचवीस रुपये.

"पंचवीस!" अक्का म्हणाली, आणि टाळी वाजवली.

यजमानांनी कात्री शिवणाच्या डब्यात ठेवली आणि पंचवीस रुपयांच्या आनंदात खाली जाऊन जिलबी आणली. ती एकशे साठ रुपयांची होती, पण ती रोख नोटांनी आणली होती, त्यामुळे तिला माझ्या फळ्यावर जागा नव्हती. त्यांनी हे मुद्दाम सांगितले. कार्ड ठेवले. लाउंजमध्ये आता मी एकटी जात नाही. अक्का आणि मी बाहेरच्या खुर्च्यांवर बसतो आणि घरचे थालीपीठ खातो.

एवढेच मला सांगायचे होते. हे उत्तर आमच्या दीड लाखांच्या खर्चाचे, आमच्या बँकेच्या अटींचे आणि अक्काच्या नातीचे आहे. तुमचे आकडे वेगळे असतील, आणि अटी बँक बदलतही असते. तेव्हा कृपया माझी बेरीज-वजाबाकी पुन्हा एकदा करून पाहा, तुमच्या कार्डाचे माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि उत्तर स्वतः पडताळून घ्या.